अक्का, तुमचा चहा आणि माझा तक्ता

अक्का,

काल तुमचं तेरावं झालं. माणसं पुष्कळ आली. बुंदी चांगली झाली, वरण बरं होतं, बटाट्याच्या भाजीत मात्र नुसतं पाणी. आचाऱ्याला मी म्हटलं, थोडा शेंगदाण्याचा कूट टाका, रस्सा घट्ट होईल. तो म्हणाला, "ताई, एवढ्या माणसाला कूट कुठून आणू?" आणि मी गप्प बसले. तुम्ही बसला नसतात. त्याला बाजूला सारून, दोन मुठी बेसन कालवून पातेल्यात ओतलं असतंत आणि वर ऐकवलं असतंत, "एवढ्या माणसाला मीठ पुरलं न्हवं? मग हे बी पुरंल."

तेरा दिवस झाले, या घरात माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. सगळे हळू आवाजात बोलतात. त्याचीच जास्त तकलीफ होते. म्हणून लिहायला बसले. तुमची चौथी झाली होती, अक्षर लावून लावून तुम्ही वाचायचात, तेव्हा सोपं लिहिते. आणि खरं लिहिते, कारण तुमच्यापुढे माझं खोटं कधी संध्याकाळपर्यंत टिकलं नाही.

धाकटी जाऊ म्हणून मी या घरात आले, तेव्हा ट्रंकेत साड्या खाली होत्या आणि पदवीचं प्रमाणपत्र वर. माझे वडील सही करताना आजही जिभेचं टोक बाहेर काढतात. त्यांच्या घरातली मी पहिली बी.ए., आणि तुमच्या घरातलीही पहिलीच. हे मी कधी लपवलं नाही. लपवायचं कशाला? बापाने त्यासाठी लोकांच्या बांधावर राबून दाखवलंय. तुम्ही ते प्रमाणपत्र उजेडाकडे धरून बघितलंत आणि विचारलंत, "ह्याच्यावर काय मिळतंय?"

मी म्हटलं, "मान मिळतो."

"मग नीट ठेव. अन् हात धुऊन ये, पीठ मळायचं हाय."

त्या दिवसापासून तुम्ही माझं नावच टाकून दिलंत. "ए बीए, लसूण सोल." "बीए, दळण आणलंस का?" गावातल्या लेकरांना कित्येक वर्षं वाटायचं की माझं नावच बीए आहे.

आपलं घर तसं साधंच. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याजवळ तीन एकर, ते मोठे भाऊजी बघायचे. आमच्या ह्यांचा मालवाहू ऑटो, औंढ्यातून भाडं मिळेल तसं. तुम्ही, भाऊजी आणि तुमची रेणू. मी, हे आणि आमची दोन लेकरं. सात माणसं, एक चूल, आणि महिन्यातून एकदा येणारा किराणा. पिशव्या रिकाम्या करताना तुम्ही कधी चेहरा पाडला नाहीत. तेलाची पिशवी हातात घेऊन तिच्याशीच बोलायचात, "तीस दिवस चालायचं हाय बरं का तुला. मधीच बसू नको."

मला वाटायचं, या बाईला स्वयंपाक येतो, पण आहार कळत नाही. आहार म्हणजे माझा प्रांत. म्हणून मी चार रंगांच्या स्केचपेनांनी तक्ता काढला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. सोमवार मोड आलेली कडधान्यं, मंगळवार पालेभाजी, बुधवार पनीर. शनिवारच्या रकान्यात लिहिलं होतं, एक फळ. तुम्ही बोट ठेवून वाचलंत. "एक फळ म्हंजी सात जणांत एक का?" मी म्हटलं, प्रत्येकी. तुम्ही मान हलवलीत आणि पनीरच्या रकान्यावर फोडणी उडवलीत. ती चुकून उडाली असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होतात. माझा अजूनही विश्वास नाही.

मग सोयाबीनचं प्रकरण. ते मी स्वतःच सांगते, नाहीतर आमचे हे सांगतील आणि तिखटमीठ लावतील. आपल्या शेतात सोयाबीन पिकतं, पोत्यांनी विकतो, घरात एक दाणा कुणी तोंडात टाकत नाही. आणि त्यात प्रथिनं तर सगळ्यांत जास्त. मला हे बघवेना. तुम्हाला न विचारता मी गिरणीवर जाताना ज्वारीत अर्धंअर्धं सोयाबीन मिसळलं. कच्चंच. भाकर थापताना तुटायला लागली, तव्यावर गेली तर वास सुटला. ह्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "ही भाकर हाय का जनावराची ढेप?" तरी मी सगळ्यांना खायला लावली. शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर सगळ्यांनी निमूट खाल्ली. दुपारपासून सात माणसं आणि एक संडास.

शेजारची बाई कुंपणावरून विचारायला लागली, काय झालं म्हणून. तुम्ही पोट धरून ओट्यावर बसला होतात. तशात म्हणालात, "काही न्हाई माय, आमची बीए परीक्षा घेऊन राहिली. आमी पेपर देऊन राहिलो."

मला रडू आलं होतं त्या दिवशी. तुमच्या टोमण्याचं नव्हे, उरलेल्या पिठाचं. एवढं पीठ वाया. शेळीपुढे ठेवलं तर तिनेही तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही नुसतं सोयाबीन कढईत खमंग भाजलंत, सुपात पाखडून टरफलं उडवलीत आणि गव्हात मिसळलंत, पायलीला दोन मुठी. पोळ्या मऊ झाल्या, कुणाला पत्ताही लागला नाही. मी विचारलं, "अक्का, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तूच न्हाई का म्हनलीस, चांगलं असतंय म्हून? चांगलं असंल तर ते कसं खायाचं हे शोधावं लागतंय."

तुम्ही मला चुकीचं ठरवलं नाहीत, अक्का. माझी चूक घेतलीत आणि भाजून, पाखडून खाण्यासारखी केलीत. हे तेव्हा कळलं होतं. बोलले नाही.

दरवर्षी थंडीत हरभरा वीतभर झाला की तुम्ही मला ओढून न्यायचात. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फुटतं आणि घाटे जास्त लागतात. मोठ्या शेतकऱ्याला मजूर लावून खुडणं परवडत नाही, म्हणून तो गावातल्या बायकांना सांगतो, खुडा आणि घेऊन जा. पहिल्या वर्षी मी अडून बसले. बी.ए. झालेली बाई लोकांच्या शेतात पाला वेचते, असं कुणी म्हणालं तर? तुम्ही कमरेला पदर खोचत म्हणालात, "पाला न्हाई, आपण उन्हाळा वेचून राहिलो. चल."

हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेने बोटं चरचरायची, पदर आंबट व्हायचा, घरी येईपर्यंत कंबर कामातून गेलेली. मग तो पाला सावलीत पसरायचा, वाळला की चुरायचा आणि डब्यात दाबायचा. उन्हाळ्यात बाजारात भेंडीला हात लावायची सोय नसायची. तेव्हा तुम्ही एक मूठ वाळली भाजी, ठेचलेला लसूण, थोडी तुरीची डाळ आणि कूट एवढ्यात सात माणसं जेवू घालून उठवायचात. आणि शेजारी वाटीभर जायची ती वेगळीच.

औंढ्याच्या आठवडी बाजारात आपण ऊन कललं की जायचो, विकणाऱ्यांना घरी जायची घाई झाली की. चाँदभाई भाजीवाले तुम्हाला लांबूनच हाक मारायचे. "आव अक्का, तुमचा पाला बाजूला ठेवलाय." मुळ्याचा पाला, फुलकोबीची कोवळी पानं, बिटाचे देठ. लोक तोडून टाकायचे, तुम्ही पिशवी भरायचात. एकदा एका बाईने विचारलं, "शेळीला नेऊन राहिल्या का?" तुम्ही म्हणालात, "व्हय. सात हायेत. दोन पायांच्या."

परवा चाँदभाई भेटायला आले होते. भाऊजींजवळ बराच वेळ नुसते बसले. उठताना म्हणाले, "अब पाला किसके लिए रखूं?" मी म्हटलं, "माझ्यासाठी ठेवा." ते म्हणाले, "बराबर है," आणि डोळे पुसत गेले.

तर हे सगळं तुम्ही आम्हाला खाऊ घालत होतात. शेवगा, अंबाडी, तांदुळजा, जवसाची चटणी, कधी भाऊजींनी धरणावरून आणलेली बारकी मासळी. आणि तरी रेणूचं रक्त कमी निघालं.

अकरावीत होती ती. पोलीस भरतीचं वेड घेतलं होतं तिने. चार पोरी पहाटे कालव्याच्या रस्त्याने पळायच्या. एक दिवस तिघीच पळत आल्या आणि रेणूला ऑटोत घालून आणलं. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली, पडली. ओठ पांढरे. दवाखान्यात बोट टोचलं, हिमोग्लोबिन आठ भरलं. डॉक्टर म्हणाले, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या, गोळ्या रोज द्या, आणि रक्त वाढेपर्यंत पळणं बंद.

पळणं बंद म्हटल्यावर रेणू रडली नाही. बूट धुतले, वाळवले आणि माळ्यावर टाकले. तुम्ही ते बघत होतात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, कारण तुमच्या हातचं खाऊन तुमची पोरगी पडली होती. मला सगळं दिसत होतं, आणि तरी मी काय बोलले? मी म्हटलं, "तक्त्याप्रमाणे केलं असतं तर ही वेळ आली नसती."

तुम्ही म्हणालात, "कागद खाऊन रक्त वाढत न्हाई, बीए."

मग तीन महिने आपली लढाई. तुम्ही रोज पालेभाजी, मी औंढ्याहून पावडरचा डबा आणला, चॉकलेटच्या वासाचा. त्यात किराण्याचे पैसे गेले, त्या महिन्यात तेल वीस तारखेला संपलं आणि आपण भाज्या उकडून खाल्ल्या. रेणू बिचारी दोघींचं ऐकायची. तुमची भाजी खायची, माझी पावडर प्यायची, गोळी गिळायची. तीन महिन्यांनी पुन्हा बोट टोचलं. साडेआठ. आपण दोघी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलो आणि एकमेकींकडे बघितलं नाही. आता कुणाला बोलायचं तेच कळेना.

त्यानंतरच्या आठवड्यातली ती सकाळ. उपकेंद्रातल्या नर्सबाई घरोघर यादी करत आपल्याकडे आल्या. त्यांना खाट टाकून दिली, आणि आपल्या घरी कुणी आलं म्हणजे चहा आलाच. गाडीवाला हॉर्न वाजवून गेला तरी तुम्ही म्हणायचात, "चहा न घेता काहून चाललास?" तुम्ही नर्सबाईंना कप दिलात. रेणू नुकतीच भाकर खाऊन उठली होती. तुम्ही बशीत थोडा चहा ओतलात, फुंकर मारलीत आणि तिच्या हातावर गोळी ठेवून बशी तिच्या तोंडाला लावलीत.

नर्सबाई किंचाळल्याच. "थांबा! काय करून राहिल्या अक्का?"

"गोळी देऊन राहिले की."

"चहासंग?"

"पाण्यासंग मळमळतंय म्हणती. चहासंग बराबर जाते."

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकिवली न्हाई." तुम्ही किती अभिमानाने सांगितलंत ते, अक्का.

नर्सबाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं की चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, गोळीतलंही नाही. पालेभाजी खाल्ली, वर चहा प्यायला, सगळं वाया. जेवणाच्या आधी नाही, नंतर नाही, दोन तास मध्ये जाऊ द्या. भाजीवर लिंबू पिळा. गोळीने मळमळलं तर जेवल्यावर द्या, पण पाण्यासोबत.

तुम्ही त्यांनी खाली ठेवलेल्या कपाकडे बघितलंत. मग म्हणालात, "मग तुमी काहून पिऊन राहिल्या?"

"मला जेवून चार घंटे झाले."

"घ्या मग. गार होऊन राहिला."

नर्सबाई गेल्यावर मी बोटांवर घरातले चहा मोजले. सकाळी चहा-भाकर कुस्करून, दुपारी जेवणावर चहा, चारला चहा, दिवेलागणीला चहा. लेकरांनाही. आपण शेतं पालथी घालून, कंबर मोडून, बाजाराचा पाला वेचून या घरात लोह आणत होतो आणि बशीने बाहेर काढत होतो. मी उठून तक्त्यापुढे उभी राहिले. सात वार, चार रंग. त्यात चहाचा रकानाच नव्हता. कारण चहा म्हणजे खाणं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मीही पितच होते की. बी.ए. इतिहास घेऊन झाले मी, अक्का. पण ते त्या दिवशी कारण म्हणून सांगायची लाज वाटली.

मला वाटलं, आता तुम्ही मला सोलून काढणार. तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात. तक्त्यावरून बोट फिरवलंत. म्हणालात, "दोघी बी नापास. पेन आण, ल्ही."

मी तक्त्याच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं, चहा जेवणानंतर दोन तासांनी. तक्त्यातला तेवढा एकच नियम आपल्या घरात कधी पाळला गेला. तोही तुम्ही सोडून सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं पातेलं पालथं. लेकरांनी बोंब मारली, भाऊजी डोकं धरून बसले, आमचे हे ऑटो घेऊन औंढ्याला लवकर पळाले. का ते मला माहीत होतं. तुम्ही ज्वारीच्या कण्या शिजवून ताक घालून दिल्यात, कधी भाकर, जवसाची चटणी आणि लिंबाचं पाणी. आणि गंमत अशी की महिना संपताना साखर उरली. चहाची पुडी उरली. दूधवाल्याचं माप कमी झालं. आपल्या किराण्यातलं सगळ्यात मोठं भोक ते होतं आणि आपण तेलाच्या पिशवीशी बोलत बसलो होतो. त्या उरलेल्यात शेजारच्या कोंबड्यांची अंडी आली, शेंगदाणे आले, गूळ आला. रेणूला रोज एक अंडं. तुम्ही ते सोलून तिच्या हातावर ठेवायचात आणि खाऊन होईस्तोवर समोर उभ्या राहायचात, शिपायासारख्या.

तीन महिन्यांनी साडेदहा भरलं. दवाखान्याच्या दारात तुम्ही मला असा धपाटा घातलात पाठीत की माझा चष्मा पडला. घरी आल्यावर तुम्हीच माळ्यावर चढून बूट काढलेत.

पण पाहुण्यांच्या चहावरून आपला वाद मिटला नाही. तुमचं म्हणणं, दारात आलेल्या माणसाला "तुमी कधी जेवलात" असं विचारून चहा देणार का? घराची काही लाज आहे का नाही? माझं म्हणणं, पाण्यासोबत गूळ-शेंगदाणे द्या, जास्त चांगले. तुमचं म्हणणं, शेंगदाणे देऊन काय माणूस बसतंय? चहाने बसतंय. आणि पाहुण्यासोबत अर्धा कप तुमचाही व्हायचा, म्हणजे दिवसातून सहा-सात वेळा. कुणी आलं नाही तर गोठ्यामागे व्हायचा. मी तुम्हाला तिथे पकडलं होतं, पितळेचा पेला आणि पदराखाली झाकलेली पातेली. "शेळीला बघाया आले होते," म्हणालात. शेळी तेव्हा माझ्यासोबत होती.

एक गोष्ट राहिलीय, ती सांगून टाकते. बचत गटाच्या मेळाव्यात मला बोलायला सांगितलं होतं, कमी खर्चात सकस आहार यावर. मी तासभर बोलले. शेंडे खुडणं, सोयाबीन भाजणं, मुळ्याचा पाला, कूट, चहाचे दोन तास. बायका लिहून घेत होत्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. आणि त्या तासभरात मी एकदाही म्हणाले नाही की हे आमच्या जाऊबाईंचं आहे. "मी करते", "मी असं बघितलं", "माझा अनुभव". तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होतात. घरी येताना मी वाट बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. पार वेशीपाशी आल्यावर तुम्ही म्हणालात, "चांगलं बोललीस. माझ्या भाजीत मीठ तेवढं जास्त सांगितलंस."

बस. एवढंच. त्यावर मी हसले. माफी मागायची ती हसण्यावारी नेली. इथे मागते.

आणि दुसरी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, अक्का, तुमचंही बोट टोचून घेऊ. तुम्ही म्हणायचात, "माझं रक्त लालच हाय, भाजी चिरताना रोज दिसतंय." मी हसायचे. मी चिवट बाई आहे, कॉलेजात फी माफीसाठी अकरा वेळा ऑफिसात गेले होते, मग तुमच्या एका बोटासाठी मी इतक्या लवकर का थांबले? तुम्ही गेलात त्या दुपारी छातीत कळ आली म्हणालात आणि ऑटो औंढ्याला पोचायच्या आत संपलं. डॉक्टर म्हणाले, त्याचा रक्ताशी संबंध असेलच असं नाही. मी मान हलवली. पण तुम्ही सगळ्यांना वाढलंत आणि स्वतःचं काही तपासू दिलं नाहीत, यावर मी तुमच्याशी भांडणार होते. खूप मोठ्याने. ते भांडण माझ्याकडे तसंच पडून आहे.

रेणू बारावी झाली, भरतीचा फॉर्म भरला, आणि तिची मैदानी चाचणी नेमकी तुमच्या नवव्या दिवशी आली. तारीख काही आपल्या हातात नव्हती. सुतकाला आलेल्या ह्यांच्या आत्याबाई म्हणाल्या, "सुतक फिटलं न्हाई अन् पोरगी मैदानात पळवता? लोक काय थुंकतील!" रेणू कोपऱ्यात बसून म्हणाली, "मी जात न्हाई." सगळे भाऊजींकडे बघायला लागले. तुम्ही गेल्यापासून ते कुणाशी धड बोललेच नव्हते. मग म्हणाले, "तिच्या मायनं तिला ज्याच्यासाठी खाऊ घातलं, ते करू द्या."

मी पहाटे उठून भाकरी केल्या. तुम्ही वाळवलेली हरभऱ्याची भाजी केली, लसूण ठेचून, वर लिंबू. हिंगोलीला मैदानावर पोचलो तर पोरींची रांग रस्त्यापर्यंत. रेणूच्या छातीवर नंबर लावला, आत नेलं, आणि मी बाहेर जाळीला धरून उभी राहिले, बाकीच्या आयांमध्ये. आठशे मीटर. सुरुवातीला ती मागे होती. दुसऱ्या फेरीला मी जाळीला तोंड लावलं, कारण मला तिचे ओठ दिसत नव्हते, आणि मी तेच बघत होते. पांढरे पडले का. ती वळणावर आली, समोरून गेली. तोंड लालबुंद झालं होतं तिचं, अक्का. लाल! त्यांच्या गटात तिसरी आली. यादी अजून लागायची आहे. लागेल तेव्हा लागेल.

बाहेर आली ती थेट म्हणाली, "काकू, डबा काढा." आम्ही दोघी झाडाखाली बसून जेवलो. शेजारी आखाडा बाळापूरकडची एक पोरगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती, तिची आई पदराने वारा घालत होती. अर्ध्यातच खाली बसली म्हणे. रेणूने विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?"

"चहा अन् दोन टोस्ट."

रेणूने माझ्याकडे बघितलं. मग आपली अर्धी भाकर भाजीसकट तिच्या हातावर ठेवली आणि ती खाऊन होईस्तोवर समोर उभी राहिली. काय काय सांगत होती तिला, बोट नाचवून. आवाज तुमचाच.

त्या पोरीच्या आईला एवढं बरं वाटलं की तिने पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या ताई. घरचा हाय. लेकराला घास दिला तुमी, न्हाई म्हणू नका."

माझ्या हाताला अजून भाकरीचं पीठ होतं. कितीजणींना मी हेच शिकवलंय, दोन तास, दोन तास. मी झाकण घेतलं.

"काकू!" रेणू ओरडली. "आत्ता जेवलात ना तुमी?"

"गप गं," मी म्हटलं. "बाई प्रेमानं देऊन राहिली."

फार गोड होता, अक्का. तुम्ही करायचात तसा. मी सगळा प्यायले. पण म्हणून वाद हरले असं समजू नका.